मराठीत चलांची नावं देणाऱ्या मुलांसाठी पायथनचा मुक्त संपादक: कर्सर नक्की कुठे थांबावा?

ओढ्याकाठी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

गेली दोन वर्षं दर रविवारी सकाळी मी कऱ्हाडजवळच्या आमच्या गावात सातवी ते नववीच्या मुलांना पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवतो. सभागृहात आठ जुने लॅपटॉप आहेत, बहुतेक दोन जीबी रॅमचे, सगळ्यांवर लिनक्स. एका लॅपटॉपवर दोघं बसतात. पहिल्याच दिवशी एक गोष्ट ठरवली होती. फॉर, इफ, प्रिंट हे शब्द इंग्रजीच राहतील, पण चलांना (व्हेरिएबलांना) आणि फंक्शनांना नावं मुलं आपल्या भाषेत देतील. पायथन ३ ला यात काहीच अडचण नाही. पेप ३१३१ या पायथनच्या सुधारणा-प्रस्तावामुळे इंग्रजीखेरीज इतर लिप्यांतली नावं पायथन ३ मध्ये पहिल्यापासून चालतात. म्हणजे

किंमत = किलो * दर

ही ओळ जशीच्या तशी चालते. फरकही दिसतो. 'एक्स' आणि 'वाय' लिहिणारी मुलं पुढच्या रविवारी स्वतःचाच प्रोग्रॅम ओळखत नसत. 'उरलेले_पैसे' लिहिणारी ओळखतात.

अडचण येते ती संपादकात, म्हणजे कोड जिथे टाइप करतात त्या प्रोग्रॅममध्ये. आठवीतल्या एका मुलीची आई शनिवारच्या बाजारात भाजी विकते. मुलीनं त्या हिशोबाचा प्रोग्रॅम लिहिला आणि मला विचारलं, "सर, किंमत शब्दाला दोन रंग का?" खरंच, 'क' एका रंगात आणि 'मत' दुसऱ्या. संपादक मीच जोडलेला होता, पायथन आणि टीके (खिडक्या, बटणं काढून देणारी लायब्ररी) वापरून, चारेकशे ओळींचा. रंग देण्यासाठी नेहमीचं रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकुरातला नमुना शोधायचं सूत्र) वापरलं होतं: बॅकस्लॅश-डब्ल्यू, म्हणजे 'शब्दातलं अक्षर'. पायथनच्या आरई मॉड्यूलमध्ये त्याचा अर्थ 'अक्षर किंवा अंक' असा आहे, आणि त्याच्या लेखी वेलांटी आणि अनुस्वार अक्षरात मोडत नाहीत. त्यामुळे 'किंमत'चे दोन तुकडे झाले. भाषेनं नाव मान्य केलं होतं, संपादकानं नाही.

तिथून मी खोलात गेलो. 'किंमत' या एकाच शब्दाच्या तीन लांब्या आहेत. आपण मोजली तर तीन अक्षरं: किं, म, त. युनिकोडचे संकेतांक मोजले तर पाच, कारण वेलांटी आणि अनुस्वार वेगळे धरले जातात. यूटीएफ-८ या साठवणपद्धतीत ठेवला तर पंधरा बाइट. चुकीखाली लाल रेघ ओढायची तर ती कितव्या जागी? पायथनची सिंटॅक्स-चूक संकेतांक मोजून जागा सांगते. एएसटी (कोडचं वाक्यरचनेचं झाड देणारं) मॉड्यूलमधला स्तंभ-क्रमांक मात्र यूटीएफ-८ चे बाइट मोजतो. मी दोन्ही एकच समजलो होतो, त्यामुळे माझी रेघ चुकीच्या शब्दाच्या कितीतरी पुढे जाऊन रिकाम्या जागेखाली पडायची. इंग्रजी नावं लिहिणाऱ्याला हा घोटाळा आयुष्यभर दिसणार नाही, कारण त्याच्याकडे तिन्ही आकडे एकच असतात.

आता हा संपादक नीट लिहून मुक्त परवान्याखाली द्यायचं ठरवलंय. प्रश्न असे:

सगळं स्वतः लिहावं, की तयार घटक घ्यावा? बाणाच्या कळीनं कर्सर 'क्ष'च्या मध्ये थांबावा का? आणि बॅकस्पेस दाबल्यावर काय पुसलं जावं, फक्त मात्रा की पूर्ण अक्षर?

ज्यांनी असं काही केलंय किंवा मुलांना शिकवलंय त्यांनी लिहावं. सविस्तर लिहिलंत तर बरं.

अर्धविराम

फार गरजेचा विषय. वाचतोय.

एक विचारायचं होतं, थॉनी हा पायथनचा संपादक पाहिलात का? एस्टोनियातल्या तार्तू विद्यापीठात आइवार आन्नामा यांनी नवशिक्यांसाठीच ते बांधलं. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर ते आधीपासून मिळतं, परवाना एमआयटीचा (कोणालाही वापरता-बदलता येईल असा) आहे आणि सोबत स्वतःचं पायथन येतं, त्यामुळे वेगळं काही बसवावं लागत नाही. मला त्यातला पायरीपायरीनं चालणारा डीबगर (चुका शोधायचं साधन) सर्वांत आवडतो. बेरीज-गुणाकाराची एखादी राशी असेल तर कोणता भाग आधी सुटला, त्या जागी कोणती किंमत आली, हे तिथल्या तिथे दिसतं. फंक्शन बोलावलं की नवी खिडकी उघडते. रिकर्शन (फंक्शननं स्वतःलाच बोलावणं) म्हणजे काय हे मी माझ्या भाचीला त्या खिडक्या दाखवूनच समजावलं. नवा संपादक लिहिण्याआधी त्यातच भर घालता येईल का?

ओढ्याकाठी

अर्धविराम, थॉनीवर माझं प्रेम आहे. माझा पहिला आराखडा त्याच्याकडे बघूनच काढला होता. पण तेही टीकेवर उभं आहे, आणि लिनक्सवर टीके ८.६ जोडाक्षरं जुळवत नाही. 'प्र' लिहिलं की प, हलन्त आणि र वेगवेगळे दिसतात, आणि वेलांटी व्यंजनाच्या मागे जाण्याऐवजी पुढेच राहते. हा थॉनीचा दोष नाही, खालच्या थराची मर्यादा आहे. माझ्या चारशे ओळीही तिथेच अडल्या. तो डीबगर मात्र मला पुढेमागे हवाच आहे.

दगडी_चाळ_तिसरा_मजला

मी दहाबारा वर्षं संपादकांच्या आतल्या भागावरच काम करतोय, म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर जरा लांबवतो.

मजकूर साठवायचा म्हणजे एक मोठी स्ट्रिंग ठेवायची, असं सुरुवातीला सगळ्यांना वाटतं. हजार ओळींच्या फाइलपर्यंत तेही चालतं. पण मधे एक अक्षर घुसवलं की त्यापुढचं सगळं सरकवावं लागतं. ईमॅक्स या जुन्या संपादकानं यावर गॅप बफर वापरला. कर्सरपाशी रिकामी जागा ठेवायची, टाइप केलेलं तिच्यात भरत जायचं, आणि कर्सर हलला की रिकामी जागाही त्याच्यासोबत हलवायची. गिरणीतला माणूस धान्याच्या ढिगात फावडं घालायला जिथं जागा लागते तिथंच ती करतो, तसंच हे. दुसरी पद्धत पीस टेबलची. मूळ फाइलला हात लावायचा नाही. नवीन टाइप केलेलं सगळं एका वेगळ्या वहीत मागे जोडत जायचं, आणि 'इथून इथपर्यंत मूळ, मग इतकं वहीतलं, मग पुन्हा मूळ' अशी यादी ठेवायची. यात अनडू जवळजवळ फुकट मिळतो, कारण काहीच पुसलेलं नसतं.

मायक्रोसॉफ्टच्या व्हीएस कोड या संपादकाची गोष्ट यासाठी वाचण्यासारखी आहे. सुरुवातीला ते प्रत्येक ओळीसाठी एक ऑब्जेक्ट ठेवत. कोणीतरी ३५ एमबीची फाइल उघडायला गेलं. आकार फार नव्हता, पण तिच्यात १.३७ कोटी ओळी होत्या. ओळीमागे ४० ते ६० बाइटांचा खर्च धरला तर नुसत्या ओळींच्या यादीला सुमारे ६०० एमबी लागले. २०१८ मध्ये त्यांनी आतला साठाच बदलून पीस टेबलावर नेला, आणि त्याच्या तुकड्यांची यादी संतुलित झाडात ठेवली.

तुमच्या मुलांच्या फाइली शंभर ओळींच्या असतील, म्हणून तुम्हाला यातलं काहीही स्वतः लिहायची गरज नाही. घाम गाळायची तुमची जागा दुसरी आहे. ब्राउझरमध्ये चालणारा कोडमिरर हा तयार संपादक-घटक घ्या. मारेन हावरबेके यांचं काम आहे, २००७ पासून चालू आहे, आणि २०२२ ची सहावी आवृत्ती पूर्ण नव्यानं लिहिलेली आहे. परवाना एमआयटी. सर्वांत मोठा फायदा असा, की कोडमिरर मजकूर ब्राउझरच्याच संपादनक्षम भागात ठेवतं. मग जोडाक्षरं जुळवणं, वेलांटी मागे नेणं, रफार वर चढवणं हे सगळं ब्राउझर बघतो. टीकेला जे जमत नाही ते इथं आयतं मिळेल.

वेबपानांतून डेस्कटॉपची ॲपं बांधणाऱ्या इलेक्ट्रॉनच्या वाटेला मात्र जाऊ नका. गिटहबनं ॲटम नावाचा संपादक बांधताना ते तयार झालं आणि फार उपयोगीही ठरलं, पण ते प्रत्येक ॲपसोबत पूर्ण क्रोमियम ब्राउझर आणतं. दोन जीबीच्या यंत्रावर एक ब्राउझर आधीच उघडा असताना दुसरा कशाला?

ओढ्याकाठी

दगडी चाळ, हे वाचून मनावरचा एक धोंडा उतरला. दोन रात्री मी गॅप बफर लिहीत बसलो होतो. काल रात्री कोडमिरर उघडलं आणि पहिल्यांदाच 'प्रत्येक_पिशवीचं_वजन' पडद्यावर अखंड दिसलं.

पण पायथन चालवायचं कसं? गावात इंटरनेट भरवशाचं नाही.

दगडी_चाळ_तिसरा_मजला

दोन वाटा आहेत. लॅपटॉपवर पायथन आहेच, तेव्हा मागे छोटा स्थानिक सर्व्हर ठेवा, ब्राउझरमधला कोड त्याच्याकडे पाठवा आणि उत्तर परत घ्या. दुसरी वाट पायोडाइडची. त्यात सीपायथन, म्हणजे नेहमीचं पायथनच, वेबअसेम्ब्लीत (ब्राउझरला थेट चालवता येणाऱ्या रूपात) रूपांतरित केलेलं असतं. २०१८ मध्ये मोझिलात सुरू झाला, आता स्वतंत्र प्रकल्प आहे. एकदा फाइली लॅपटॉपवर ठेवल्या की इंटरनेट नको.

पायोडाइड घेतलंत तर ते मुख्य पानात चालवू नका, वेब वर्करमध्ये (पानामागे वेगळं चालणाऱ्या भागात) चालवा. कधी ना कधी एखादं मूल कधीच न संपणारं व्हाइलचं आवर्तन लिहिणार, आणि मुख्य पानात असेल तर सगळी खिडकी गोठेल, लिहिलेलं जाईल. वर्करमधला प्रोग्रॅम मधेच थांबवायला आणि इनपुटसाठी अडवून ठेवायला शेअर्ड अरे बफर (दोघांना मिळून वापरता येणारी मेमरी) लागतो, आणि तो मिळण्यासाठी पानासोबत दोन विशिष्ट हेडर पाठवावे लागतात. त्यामुळे नुसती एचटीएमएल फाइल डबल-क्लिक करून भागत नाही, छोटा सर्व्हर इथेही लागतोच. हे आधीच माहीत असू द्या. माझा एक आख्खा शनिवार त्यात गेला होता.

मांडवीची_भरती

मी पणजीला शाळेत शिकवते. आमची मुलं कोंकणी देवनागरीत लिहितात, त्यामुळे तुमचा प्रत्येक प्रश्न आमचाही आहे.

तुम्ही कर्सरबद्दल विचारताय, पण माझ्या वर्गात मुलं त्याआधीच अडतात. इनस्क्रिप्ट या प्रमाण भारतीय कळफलकावर बसून पायथनची एक ओळ टाइप करून बघा. बरोबरच्या चिन्हाच्या कळीवर ऋकाराची मात्रा आहे. कोलनच्या जागी छ. अवतरणचिन्हाच्या कळीवर ट आणि ठ. चौकटी कंसाच्या जागी ड आणि नुक्ता. पायथनला ज्या चिन्हांशिवाय एक पाऊल टाकता येत नाही, नेमकी तीच आपल्या अक्षरांखाली गेलेली आहेत. 'किंमत = किलो * दर' एवढ्यासाठी मूल कळफलक इंग्रजीवर नेतं, चिन्ह टाइप करतं, परत मराठीवर येतं. एका ओळीत चार-चारदा. दहा मिनिटांत ती कंटाळतात आणि 'एक्स' लिहू लागतात. त्यांना इंग्रजी आवडतं म्हणून ती 'एक्स' लिहीत नाहीत. ती दमलेली असतात.

तेव्हा संपादकाच्या वर चिन्हांची एक पट्टी द्या: बरोबर, कोलन, अवतरण, चौकटी कंस, महिरपी कंस. शक्य असेल तर चिन्हांसाठी एकच ठरावीक कळ, जी दाबून धरली की खालचं इंग्रजी चिन्ह येईल. माझ्या मते हे रंगांपेक्षा आधी व्हायला हवं.

आणि बॅकस्पेसचं सांगते. मुलानं 'की' लिहिलं आणि त्याला 'कि' हवं असेल, तर बॅकस्पेसनं फक्त दीर्घ वेलांटी जावी. क गेला तर ते रडवेलं होतं. टाइप करताना आपण जशी एकेक कळ दाबली तशीच उलट वाटेनं परत जाता यावं.

ओढ्याकाठी

मांडवीताई, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. आमच्याकडे फोनेटिक (इंग्रजी उच्चारावरून मराठी टाइप करायचा) कळफलक आहे, म्हणून हे माझ्या डोळ्यांसमोर आलंच नव्हतं. चिन्हांची पट्टी यादीत सर्वांत वर घेतली.

आकड्यांचाही असाच किस्सा आहे. एका मुलानं 'दर = ४०' लिहिलं, मराठी आकडे वापरून. पायथननं 'अवैध चिन्ह' म्हणून ते फेटाळलं. मग त्यानं इनपुट घेऊन इंट मध्ये घातलं, प्रोग्रॅम चालवला आणि चालताना मराठी ४० टाइप केलं, तर ते बिनतक्रार चाललं. तो माझ्याकडे बघत राहिला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. इंट हे फंक्शन युनिकोडमधला कुठलाही दशमान अंक स्वीकारतं, पण प्रोग्रॅमच्या मजकुरात संख्या इंग्रजी आकड्यांतच लिहावी लागते. आता संपादकानं अवतरणाबाहेरचे मराठी आकडे गुपचूप बदलावेत की नुसतं सुचवावं?

मांडवीची_भरती

सुचवा. गुपचूप बदललंत तर उद्या दुसऱ्या यंत्रावर बसल्यावर ते पुन्हा अडेल, आणि का अडलं ते कळणार नाही.

जुना_टंकलेखक

मी निवृत्त आहे, आयुष्य टंकलेखन आणि मुद्रणात गेलं. प्रोग्रॅमिंग मला येत नाही, पण एक धोका दिसतो तो सांगतो.

'शेतकऱ्यांची_थकबाकी' असं नाव एखादं मूल नक्की देईल. यातला जो अर्धा र आहे, दऱ्या, दुसऱ्या, तऱ्हा यांतला, तो संगणकावर दोन प्रकारे लिहिला जातो. एक प्रकार म्हणजे नुक्त्याचा ऱ, मग हलन्त, मग य. दुसरा म्हणजे साधा र, हलन्त, त्यानंतर न दिसणारा जोडक, ज्याला झिरो विड्थ जॉइनर म्हणतात, आणि मग य. कागदावर दोन्ही हुबेहूब सारखे. कळफलकानुसार कधी हा येतो, कधी तो. आमच्याकडे यामुळे शब्दकोशातला शोध चुकायचा, शब्द समोर असून 'सापडला नाही' यायचं. तुमच्या पायथनला हे दोन शब्द एकच वाटतात का?

ओढ्याकाठी

काका, तुमचा प्रतिसाद वाचून लगेच करून बघितलं. पहिला प्रकार पायथन मान्य करतो. दुसरा मान्य करत नाही. तो न दिसणारा जोडक पायथनच्या नावांत चालतच नाही, आणि चूक अशी येते की 'न छापता येणारं चिन्ह' सापडलं. आता आठवीतल्या मुलानं न दिसणारं चिन्ह शोधायचं कुठे? (जावास्क्रिप्ट हा जोडक नावांत चालवून घेतं, म्हणून मला हे कधी जाणवलं नव्हतं.)

इथं मात्र मी नुसतं सुचवणार नाही. नावात र, हलन्त, जोडक असा क्रम आला तर संपादक त्याच्या जागी ऱ आणि हलन्त ठेवेल. डोळ्यांना काहीच बदललेलं दिसणार नाही, आणि चूक टळेल. मांडवीताईंचा आक्षेप आकड्यांना लागू होतो, कारण तिथे मुलाला फरक दिसतो आणि तो शिकता येतो. इथे शिकण्यासारखं काही दिसतच नाही.

मांडवीची_भरती

मान्य.

तेरेखोल_ते_इसार

म्युनिकहून. भाषेची माहिती संपादकाला कुठून द्यायची यावर थोडं लिहितो, कारण आज ना उद्या तुम्ही 'नाव टाइप करताना पूर्ण करून द्या' इथं पोचाल.

पूर्वी प्रत्येक संपादकासाठी प्रत्येक भाषेचा आधार वेगळा लिहावा लागे. मायक्रोसॉफ्टनं जून २०१६ मध्ये रेड हॅट आणि कोडेन्व्ही यांच्यासोबत लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल जाहीर केला. भाषेचं ज्ञान एका स्वतंत्र प्रोग्रॅममध्ये ठेवायचं, आणि संपादकानं त्याला ठरलेल्या भाषेत प्रश्न विचारायचे. या नावाची व्याख्या कुठं आहे, इथं पुढे काय येऊ शकेल, असे. पायथनसाठी असे सर्व्हर तयार मिळतात.

तुमच्या दृष्टीनं गंमतीची बाब अशी, की या प्रोटोकॉलमध्ये ओळीतली जागा मुळात यूटीएफ-१६ च्या एककांत मोजतात. म्हणजे तुमच्या तीन लांब्यांत चौथी आली. देवनागरीचा प्रत्येक संकेतांक तिथं एकच एकक घेतो, त्यामुळे 'किंमत' पाचच भरेल आणि सगळं बरोबर वाटेल. पण मुलानं त्याच ओळीत आधी हसरा चेहरा टाकला तर तो दोन एककं घेतो, आणि पुढचं सगळं एकानं सरकतं. २०२२ च्या ३.१७ आवृत्तीपासून कोणत्या एककात मोजायचं हे दोन्ही बाजूंना आधी ठरवून घेता येतं. तुम्ही आजच एक फंक्शन लिहून ठेवा जे या चारही मोजमापांत इकडून तिकडे नेईल, आणि बाकी कोडमध्ये कुठंही हातानं बेरीज करू नका. मी हे उशिरा केलं होतं, आणि चुका निस्तरायला मूळ कामापेक्षा जास्त वेळ गेला.

रंगांसाठी रेग्युलर एक्स्प्रेशनऐवजी खरा पार्सर वापरा. ॲटमच्या चमूतून आलेलं ट्री-सिटर याच कामासाठी आहे. ते फाइलचं वाक्यरचनेचं झाड बांधतं, आणि एक अक्षर बदललं तर झाडाचा तेवढाच भाग पुन्हा बांधतं. लिहिलेलं अर्धवट असलं तरी ते हार मानत नाही, आणि मुलांचा कोड बहुतेक वेळ अर्धवटच असतो. कोडमिररमध्ये याच जातीचं लेझर आहे, ते तुम्हाला आपोआप मिळेल. फक्त त्यातली 'नाव म्हणजे काय' ही व्याख्या एकदा मात्रा, अनुस्वार आणि हलन्त घालून तपासून घ्या.

शिरोरेखा

अक्षररचना हा माझा व्यवसाय, म्हणून तेवढंच सांगते.

कोड-संपादकात ओळींमधलं अंतर लॅटिन अक्षरांवरून ठरवलेलं असतं. आपल्याकडे वर रफार, वेलांटी, अनुस्वार चढतात आणि खाली उकार, हलन्त, 'ट्रू'सारख्या जोडण्या उतरतात. 'सर्वांची' आणि 'ट्रॅक्टर' एकाखाली एक लिहून बघा, एकाचा अनुस्वार दुसऱ्याच्या पायात जातो. ओळीची उंची अक्षराच्या दीडपटीपेक्षा थोडी जास्तच ठेवा.

दुसरं, प्रत्येक अक्षराला सारखी रुंदी मिळावी हा हट्ट सोडा. देवनागरीला चौकटीत कोंबलं की 'ज्ञ' आवळला जातो आणि 'र' एकटा पडतो. पायथनला रुंदी महत्त्वाची असते ती ओळीच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागेत, आणि ती जागा तर स्पेसची आहे. ती सारखीच राहील. मुंबईच्या एक टाइपचा मुक्त परवान्याचा 'मुक्त' फाँट लहान आकारातही स्वच्छ वाचता येतो, तो वापरून बघा.

आणि पानाची भाषा मराठी म्हणून जाहीर करायला विसरू नका. फाँटमध्ये सोय असेल तर मराठी वळणाचे ल आणि श त्यामुळेच येतात. मुलं पुस्तकात जो ल बघतात तोच पडद्यावर दिसायला हवा.

पाटीवरचा_खडू

सगळं वाचलं. माझा एक वेगळा मुद्दा आहे. चलांची नावं मराठीत चालतात तर 'फॉर' आणि 'इफ' इंग्रजीत का? नेदरलँड्समध्ये फेलिएन हर्मन्स यांनी २०२० मध्ये हेडी ही भाषा आणली. ती मुलांच्या भाषेतले शब्द घेते, आणि पायऱ्यापायऱ्यांनी कठीण होत शेवटी पायथनजवळ पोचते. पहिल्या पायरीला अवतरणचिन्हंसुद्धा लागत नाहीत. मांडवीताईंचा अर्धा प्रश्न तिथंच सुटतो. मीही मुलांना शिकवतो, आणि मला वाटतं पहिले दोन महिने मुलाला 'जर' लिहिता आलं पाहिजे.

ओढ्याकाठी

खडू सर, हेडीतल्या पायऱ्यांची कल्पना मला मनापासून पटते. लहान मुलांसाठी, चौथी-पाचवीसाठी, मीही तेच निवडेन. पण शब्द बदलले की आपल्याला नुसता संपादक सांभाळायचा राहत नाही, एक भाषाही सांभाळावी लागते. पायथनच्या दर नव्या आवृत्तीसोबत तिला पळवावं लागतं. माझ्याकडे रविवार सकाळ आणि तीन रात्री आहेत. शिवाय माझी मोठी मुलं नववीत आहेत. पुढच्या वर्षी ती तालुक्याला जातील, तिथं कोणाचाही पायथनचा प्रोग्रॅम त्यांना वाचता यावा. नावं आपली आणि व्याकरण जगाचं, ही सीमा मी विचार करून आखली आहे. तुमचा दोन महिन्यांचा अनुभव मात्र इथं लिहा. तुम्ही चुकीचे आहात असं मला वाटत नाही.

पाटीवरचा_खडू

लिहीन. दिवाळीच्या सुट्टीत.

अर्धविराम

चुकीच्या संदेशांचं काय? पायथनचा ३.१० पासूनचा संदेश पूर्वीपेक्षा पुष्कळ नेमका असतो, 'कंस उघडला पण बंद केला नाही' हे तो आता सांगतो. पण इंग्रजीत. आंद्रे रोबेर्ज यांचं फ्रेंडली-ट्रेसबॅक हे पॅकेज चूक समजावून सांगतं आणि त्याचं भाषांतर करता येतं. त्याच वाटेनं मराठी करावं का? मी वेळ देऊ शकतो.

ओढ्याकाठी

नक्की करा. फक्त भाषांतर करताना कोशातले शब्द घेऊ नका. 'इंडेंटेशन'ला मी एकदा 'समास-अंतर' म्हटलं, तर मुलं गप्प बसली. मग एकानंच सांगितलं, "सर, ओळ आत घ्यायची राहिली." तेव्हापासून आमच्याकडे ओळ 'आत घेतात' आणि 'बाहेर काढतात'. 'ओळ ३ वरच्या फॉरखालची ओळ आत घेतलेली नाही', एवढं पुरतं.

दगडी_चाळ_तिसरा_मजला

परवान्याचं राहिलं. तुमचे सगळे घटक एमआयटीचे असतील तर तोच ठेवा, शाळांना समजावणं सोपं जातं. आणि दुसरा माणूस आत्ताच घ्या. ॲटम किती लोक वापरत होते! तरी डिसेंबर २०२२ मध्ये तो बंद झाला. त्यातून निघालेलं ट्री-सिटर मात्र टिकलं, कारण ते वेगळं काढून ठेवलेलं होतं. तुमचाही देवनागरीचा भाग, म्हणजे मोजमापांचं फंक्शन, जोडकाची दुरुस्ती, चिन्हांची पट्टी, वेगळ्या पॅकेजात ठेवा. उद्या तुमचा संपादक कोणी वापरला नाही तरी तो भाग हिंदी, नेपाळी, कोंकणीवाले आपल्या संपादकात घालतील.

मांडवीची_भरती

कोंकणीसाठी दुसरी माणूस मी. इनस्क्रिप्टची तपासणी माझा वर्ग करेल.

ओढ्याकाठी

तीन आठवड्यांनी परत आलोय. हिशोब असा:

कोडमिररवर संपादक उभा आहे, आठही लॅपटॉपवर चालतो. पायोडाइड सध्या बाजूला ठेवलं, लॅपटॉपवरचंच पायथन मागे चालतं, कारण जुन्या यंत्रांवर पहिली सुरुवात फार हळू होत होती. चिन्हांची पट्टी झाली. अर्ध्या र ची दुरुस्ती झाली. मोजमापांचं फंक्शन वेगळ्या पॅकेजात आहे. मराठी आकड्याखाली ठिपक्यांची रेघ येते आणि तिच्यावर क्लिक केलं की आकडा बदलतो. बॅकस्पेस एकच संकेतांक पुसतो, पुढचं पुसणारी डिलीट कळ पूर्ण अक्षर पुसते, आणि बाण पूर्ण अक्षरावरून उडी मारतो. बाणासाठी ब्राउझरचा इंटल सेगमेंटर (मजकूर अक्षरांत तोडणारी सोय) वापरला. २०२३ च्या युनिकोड १५.१ पासून हलन्तानं जोडलेली व्यंजनं एकच अक्षर धरायचा नियम आला आहे, त्यामुळे 'क्ष' अखंड राहायला हवा.

पण कालच पहिली तक्रार नोंदवली गेली. भाजीच्या हिशोबवाल्या मुलीनंच लिहिली आहे: "तिसऱ्या लॅपटॉपवर क्ष च्या मध्ये कर्सर थांबतो. बाकी लॅपटॉपवर नाही."

तेरेखोल_ते_इसार

तिसऱ्या लॅपटॉपवर फायरफॉक्सची कोणती आवृत्ती आहे? फायरफॉक्समध्ये इंटल सेगमेंटर १२५ पासून आला, एप्रिल २०२४ ला. त्याआधीची असेल तर तुमचा कोड पर्यायी नियमावर जात असेल.

ओढ्याकाठी

११५ आहे. पर्यायी नियम मी स्वतः लिहिला होता आणि त्यात हलन्त आला की अक्षर संपलं असं धरलं होतं. आता हलन्तानंतर व्यंजन आलं तर ते आधीच्या अक्षरातच धरतो. तिला रविवारी तिसऱ्याच लॅपटॉपवर बसवून तपासून घेतो. तक्रार तोवर उघडी ठेवली आहे, बंद तीच करेल.